जुमाशचा होकार

१

गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवलेला माणूस पुन्हा बोलायला लागतो, तेव्हा त्याच्या तोंडून पहिला शब्द कोणता येईल, यावर बुरुल आणि मीरगुल पैज लावायच्या. जी हरेल तिनं चहा करायचा. बहुतेक वेळा ‘पाणी’ यायचं. एकदा एका मेंढपाळानं तोंड उघडल्या उघडल्या डॉक्टर तुर्गुनोवांना आईवरून शिवी हासडली होती. त्या दिवशी दोघींनी मिळून चहा केला, आणि डॉक्टरांनाही दिला.

मीरगुल अतिदक्षता विभागातली नर्स. बुरुल पूर्वी शाळेत तोतऱ्या, अडखळणाऱ्या पोरांना बोलायला शिकवायची, आणि आता केस पिकल्यावर इस्पितळात आली होती. सगळ्या खोऱ्यात तिला ‘बोलतं करणारी एजे’ म्हणत. इकडे थोरल्या बाईला एजेच म्हणायचं.

काम तसं साधं होतं. यंत्र नळीतून छातीत हवा ढकलत राहतं. नळीच्या आतल्या टोकाभोवती एक छोटा फुगा असतो. तो फुगलेला असला की हवा नळीतूनच जाते नि नळीतूनच येते, घशापर्यंत वारासुद्धा पोचत नाही. माणूस ओठ हलवतो, आणि समोरच्याला काही म्हणता काही ऐकू येत नाही. बुरुल पिचकारीनं त्या फुग्यातली हवा काढून घ्यायची आणि नळीच्या तोंडावर बोटाच्या पेराएवढी झडप बसवायची. मग सुटणाऱ्या श्वासाला वरची वाट मिळते आणि आवाज येतो. ज्यांचं एवढं बळ नसेल त्यांच्यासाठी अक्षरांचा फळा होता. ती एकेका अक्षरावर बोट ठेवायची, हवं ते अक्षर आलं की रोग्यानं नजर वर करायची. वर म्हणजे हो. डोळे घट्ट मिटले म्हणजे नाही.

त्या दिवशी सालियाची पाळी होती. सालिया बाजारात नान विकायची, आणि तिचं तोंड तंदूरपेक्षा जास्त चालायचं. नवरा खाटेच्या पायथ्याशी टोपी चुरगळत उभा होता.

“एजे, अजून आठवडाभर राहू द्या की,” तो म्हणाला. “घर कसं शांत आहे.”

सालियानं झोपल्या झोपल्याच त्याच्यावर डोळे वटारले. मीरगुल फिसकन हसली. बुरुलनं फुगा रिकामा केला, झडप बसवली. सालिया खोकली, आवंढा गिळला, तोंड उघडलं.

“राजी नाही.”

आवाज खालचा होता, खरखरीत, प्रत्येक शब्द जमिनीवरून ओढत आणल्यासारखा. नवऱ्याचं हसू तिथल्या तिथे थांबलं.

“कुणावर गं?” त्यानं विचारलं.

सालियानं त्याच्याकडे बघितलं. “पाणी दे की,” ती आपल्या नेहमीच्या चिरक्या आवाजात म्हणाली. “बघत काय बसलास खुळ्यासारखा?”

“पाणी,” मीरगुल म्हणाली. “जिंकले मी.”

बुरुल चहा करायला गेली, आणि किटली भरायला लावून नळाकडे नुसती बघत राहिली. किटली भरून वाहायला लागली तेव्हा कुठे तिला कळलं.

२

‘राजी’ हा शब्द खोऱ्यात कुणालाच नवा नाही. माणूस जायच्या वाटेवर असला की घरचे, शेजारचे, कधीकाळी भांडलेले, सगळे त्याच्या उशाशी येतात आणि म्हणतात, राजी हो. म्हणजे माझ्यावर तुझं काही राहिलं असेल तर सोडून दे. तो म्हणतो, राजी आहे, तूही राजी हो. तेवढं झालं की मागे राहणाऱ्याला झोप लागते. नाही झालं, तर ते जन्मभर मानेवर बसतं.

पान गळायच्या दिवसांत जुमाश इस्पितळात आला होता. तरुण म्हणावा असाच, घोडे राखणारा. काराबेलच्या खिंडीत पहिल्याच बर्फात पडला होता, मणका मोडला होता, नि एक अख्खी रात्र उघड्यावर काढलेली. थोरला भाऊ एशिम त्याच्याबरोबर होता. तो म्हणाला, वादळात चुकामूक झाली, सकाळी परत गेलो तर सापडला.

जुमाशची छाती कफानं भरलेली होती, झडप त्याला झेपणार नव्हती. त्याचा आवाज बुरुलनं कधीच ऐकला नाही. तो फळ्यावर बोलायचा, तोही फार सावकाश. एक अख्खी दुपार खर्चून त्यानं अक्षर अक्षर जोडत तिला एवढंच सांगितलं: दोन्ही घोडे घेऊन गेला. हाका मारल्या.

बुरुलनं ते कुणाला सांगितलं नाही. सांगायचं कुणाला, आणि सांगून तो उठून थोडाच बसणार होता?

मग डॉक्टरांनी घरच्यांना बोलवा म्हणून सांगितलं. एशिम आला, हाताला धरून ऊल्कान आपाला, म्हणजे त्यांच्या आईला, घेऊन आला. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांवर पांढरं आलेलं, तिला उजेड तेवढा कळायचा. ती खाटेची कड चाचपत उशाशी पोचली. एशिमनं डोक्यावरचा कल्पाक काढून छातीशी धरला.

“जुमाश, भावा,” तो म्हणाला, “राजी हो माझ्यावर.”

जुमाशनं डोळे मिटले. घट्ट. उघडले, एशिमकडे बघितलं, पुन्हा मिटले. डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडेपर्यंत.

“काय म्हणतो माझा लेक?” म्हातारीनं विचारलं. “मला दिसत नाही हो, एजे. तुम्ही सांगा. त्याचे शब्द तुम्हालाच कळतात ना?”

एशिमनं मान वर केली नाही. बुरुलनं म्हातारीच्या थरथरत्या हनुवटीकडे बघितलं. एक लेक तर चालला. दुसऱ्याच्याच हातचं खाऊन हिला उरलेले दिवस काढायचे आहेत.

“राजी आहे म्हणतात,” बुरुल म्हणाली.

म्हातारीनं तिचा हात ओढून कपाळाला लावला. जुमाशनं डोळे उघडले. आता तो भावाकडे बघत नव्हता. त्याची नजर बुरुलवरून तिच्या काखेतल्या फळ्यावर जायची, पुन्हा तिच्यावर यायची, पुन्हा फळ्यावर. मागत होता तो.

“उद्या,” ती म्हणाली. “आज दमलात तुम्ही.”

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा खाटेवर नवी चादर घातलेली होती.

३

बुरुल समजूतदार बाई होती. सालियाच्या वेळी तिनं मनाशी म्हटलं, झोपेच्या औषधाचा अंमल होता. माणसं त्यात काहीबाही बरळतात, आणि हा शब्द तर आपल्याकडे तान्ह्या पोराच्याही कानावरून गेलेला असतो.

मग एक म्हातारा शिक्षक बोलता झाला. पहिला शब्द: राजी नाही. मग एक गरोदर बाई. राजी नाही. तोच खालचा, ओढत आणलेला आवाज. आणि दोघंही नंतर आपापल्या आवाजात पाणी मागायला लागले आणि आधी काही बोलल्याचं त्यांना आठवेना.

“सगळ्यांचे घसे सुजलेले असतात, एजे,” डॉक्टर तुर्गुनोव म्हणाले. “पहिला आवाज सगळ्यांचा सारखाच निघतो. तुम्हाला चार दिवस रजा हवीय.”

हेही तिला पटलं. पटवून घेतलं.

पण मग ट्रक चालवणारा एक पोरगा आला. भर दुपार होती, खिडकीतून ऊन थेट त्याच्या खाटेवर पडलेलं. बुरुल त्याच्या अंगावर वाकून पिचकारी जोडत होती. जोडलीच नव्हती अजून. पोरगा छताकडे बघत पडला होता, ओठ जरासे उघडे.

“हाका मारल्या,” आवाज म्हणाला.

बुरुलचा हात जागीच राहिला. नळीच्या बाहेर एक बोंडाएवढी पिशवी लोंबत असते. आतला फुगा भरलेला आहे की नाही ते तिच्यावरून कळतं. तिनं ती दोन बोटांत धरून दाबली. टणक होती. फुगा गच्च भरलेला होता. घशापर्यंत वारा जायला वाटच नव्हती.

“दोन्ही घोडे,” आवाज म्हणाला, आणि पोराचे ओठ हललेसुद्धा नाहीत.

तिनं नळी तपासली, यंत्र तपासलं, शेजारच्या दोन्ही खाटा बघितल्या. शेवटी वाकून पोराच्या तोंडाशी कान नेला. आतून गार हवा येत होती, बर्फावरून आल्यासारखी. ती सरळ झाली आणि पिचकारी खिशात टाकली.

त्या दिवसापासून तिनं झडप बसवणं सोडून दिलं. आज ताप आहे, आज कफ आहे, उद्या बघू. माणसं ओठ हलवत पडून राहिली. एक गृहस्थ लेकीशी एक शब्दही न बोलता गेला, आणि लेक जाताना म्हणाली, “तुम्ही म्हणाला होतात, ते बोलतील.”

मीरगुलनं शेवटी तिला कोपऱ्यात गाठलं. “एजे, लोकांना गप्प ठेवायचा पगार घ्यायला लागलात की काय?”

“एक काम राहिलंय माझं,” बुरुल म्हणाली. “ते करून येते.”

४

जुमाशला जाऊन चाळीस दिवस झाले, त्याचा चाळिसावा होता. अंगणात मोठी कढई चढलेली, बायका बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळत होत्या. तळणाचा वास वर गेला की गेलेल्यांना पोचतो म्हणतात, म्हणून तेल सढळ हातानं घातलेलं. बुरुल सरळ ऊल्कान आपाकडे जाऊन बसली. खरं काय ते सांगायचं, वाटेत शंभरदा घोकलं होतं.

म्हातारीनं आवाजावरून तिला ओळखलं. तोंडावरून हात फिरवला, स्वतःच्या हातानं बोरसोक भरवला.

“तुमच्यामुळे झोपते हो मी,” ती म्हणाली. “दोघांमध्ये लहानपणापासून धुसफूस. वाटायचं, माझ्यामागे एकमेकांना खातील. जुमाशचा आवाज मात्र एकदा ऐकायचा राहिला. घोड्यांवर ओरडून ओरडून घसा पार गेलेला त्याचा, शब्द ओढून ओढून बोलायचा. मी चिडवायची, अरे, तुझा शब्द आहे का लाकडाचा ओंडका?”

हा आवाज बुरुलनं चार तोंडांतून ऐकला होता. तिनं चहा घेतला, इकडचं तिकडचं विचारलं, आणि उठली.

फाटकाशी एशिम उभा होता. हा माणूस नीट जेवत नसावा, कोट अंगावर लोंबत होता.

“एजे, एक विचारू? आईसमोर नको.” तो हळू बोलला. “काय म्हणाला होता तो?”

“तुम्ही समोरच होता की.”

“मी खाली बघत होतो.”

बुरुलला तेव्हा बोलता आलं असतं. अंगणातून म्हातारीचं हसणं ऐकू आलं.

“राजी म्हणाले,” ती म्हणाली.

एशिम हसला. आनंदाचं हसू नव्हतं ते. “मग माझ्या घरात रोज कोण बोलतंय?” तो म्हणाला. “चुलीपाशी बसलो की चुलीतून, आडाशी गेलो की आडातून. जाऊ दे. तुम्हीही माझ्यासारख्याच निघालात, एजे. ऐकू आलं तरी पुढे चालायचं.”

तो कढईकडे गेला आणि पाहुण्यांना ताटं वाढायला लागला.

५

एशिमला आणलं तेव्हा खोरं पार गोठलेलं होतं. तो काराबेलच्या खिंडीतच सापडला होता, बरगड्या मोडलेल्या, एक फुफ्फुस फाटलेलं. दोन्ही घोडे आपले आपण घरी आले होते, खोगीर घातलेले. तो तिकडे का गेला होता ते कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवसांत तिकडे कोणी जात नाही.

गळ्याला नळी बसवली. तो शुद्धीवर आला. ऊल्कान आपा रोज यायची, खाटेची कड धरून बसायची, आणि रोज तेच विचारायची.

“एजे, कधी बोलेल हो?”

“अजून नाही, आपा.”

“त्याचाही आवाज न ऐकताच पाठवू का?”

बुरुलनं सगळी कारणं सांगून संपवली. शेवटी डॉक्टर तुर्गुनोवच म्हणाले, “आज बसवा. थोडा वेळच. त्याला आता झेपेल. आणि त्या म्हातारीकडे बघवत नाही मला.” एवढं सांगून ते खालच्या मजल्यावर गेले. मीरगुल विभागाच्या त्या टोकाला एका नव्या रोग्यापाशी होती. खिडकीबाहेर दुपारचा पांढरा उजेड, डोळ्यांत जाणारा.

बुरुल एशिमवर वाकली. तिनं त्याला नजरेची खूण शिकवली होती. त्याला पिचकारी दिसली आणि त्यानं डोळे मिटले. घट्ट. पुन्हा. पुन्हा.

“काय म्हणतो?” म्हातारीनं विचारलं.

“नाही म्हणतात,” बुरुल म्हणाली. या वेळी खरं ते सांगितलं.

“नाही कसं? आईशी बोलायचं नाही? काढा हो तुम्ही ती हवा.”

झडप बसवली की यंत्र हवा गळते म्हणून कोकलत सुटतं, म्हणून त्याची घंटा आधी बंद ठेवतात. बुरुलनं घंटा बंद केली. फुगा रिकामा केला. झडप बसवली. एशिमनं दात आवळून धरले, जबडा थरथरत होता. मग तो आपोआप उघडला.

“आपा.”

म्हातारी ताठ बसली. तिनं चेहरा आवाजाकडे वळवला, कान पुढे केला.

“हा एशिम नाही,” ती म्हणाली.

बुरुलनं खाटेचा गज धरला.

“जुमाश?” म्हातारी हळूच म्हणाली. “जुमाश, तू आहेस का रे?”

“मी हाका मारत होतो,” आवाज म्हणाला. शब्दामागून शब्द ओढत. “त्याला ऐकू येत होतं. तो वळून बघायचा आणि पुढे जायचा. माझा घोडा मागे ओढ घेत होता. त्यानं त्याला चाबूक मारला.”

एशिमचे ओठ त्या शब्दांबरोबर हलत होते, डोळे मात्र त्याचेच होते, आणि त्या डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहत होतं.

“पण तू राजी झालास ना,” म्हातारी म्हणाली. “एजेंनी सांगितलं मला.”

“नाही झालो.”

म्हातारीनं पांढरे डोळे बुरुलकडे फिरवले. रागावली नाही. नुसती वाट बघत राहिली.

“नव्हते झाले,” बुरुल म्हणाली. तिला स्वतःचा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटला. “डोळे मिटले होते त्यांनी. मी खोटं बोलले, आपा.”

“आणि हा?” म्हातारीनं हातानं एशिमचा खांदा शोधला. “खरं आहे का हे? विचारा त्याला. डोळ्यांनी सांगेल ना तो?”

बुरुल वाकली. “एशिम, खरं आहे?”

एशिमनं तिच्याकडे बघितलं. मग नजर वर केली, छतापर्यंत, आणि तिथेच ठेवली.

“हो म्हणतात.”

म्हातारीनं मान हलवली, दोनदा, बाजारात एखादी गोष्ट पटल्यावर हलवतात तशी. मग तिनं स्टूल आणखी पुढे ओढलं.

यंत्रावरचा श्वासाचा आकडा खाली यायला लागला होता. एशिमच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. झडप काढायला हवी होती, फुगा भरायला हवा होता, लगेच. बुरुलनं हात पुढे केला, आणि म्हातारीनं चाचपून तिचं मनगट धरलं.

“जरा थांबा, एजे.”

“आपा, त्यांचा श्वास पुरत नाहीये.”

“मला माहीत आहे,” ऊल्कान आपा म्हणाली. तिचं सगळं लक्ष एशिमच्या तोंडाकडे होतं. “बोल, बाळा. तुला किती थंडी वाजली, ते सांग.”

बुरुलनं मीरगुलला हाक मारायला तोंड उघडलं. तिच्या घशातून काहीही आलं नाही, वारासुद्धा नाही. मनगट तरी सोडवून घेता आलं असतं. म्हातारीची बोटं वाळक्या काटक्यांसारखी, जोर असा त्यांत नव्हताच. एशिमचे डोळे आता झडपेवरून बुरुलच्या चेहऱ्यावर जात होते, पुन्हा झडपेवर, पुन्हा तिच्या चेहऱ्यावर. त्याचे ओठ निळे पडत चालले होते, आणि जुमाशचा आवाज आता कुठे जरा मोकळा होत होता.